चित्रकलेलाही प्रयोगवही द्या

मा. कला संचालक,
कला संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई
आणि राज्यातले सर्व चित्रकला शिक्षक यांस,

स. न. वि. वि.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांबद्दल एक मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी चित्रकला शिकवते. मागणी अशी : विज्ञानाच्या विद्यार्थ्याची जशी प्रयोगवही असते, तशी या दोन परीक्षांना बसणाऱ्या प्रत्येक मुलाची रंगसाहित्याची प्रयोगवही असावी आणि तिला थोडे का होईनात, पण गुण असावेत. पत्र खुलं लिहिते आहे, कारण नुसता आदेश निघून हे होणार नाही. शिक्षकांनी, मुख्याध्यापकांनी आणि पालकांनीही यावर बोलायला हवं.

या परीक्षांचं ऋण मी मानते. ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या या परीक्षांनी चित्रकला खेडोपाडी नेली. ज्या गावात चित्रांचं प्रदर्शन कधी भरलं नाही, तिथल्या मुलालाही पॅड, चिमटा आणि ड्रॉइंग शीट घेऊन परीक्षेला बसता आलं ते यांच्यामुळे. दहावीच्या निकालात इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, म्हणून तरी पालक चित्रकलेच्या तासाची चौकशी करतात. वस्तुचित्र मुलांना नीट पाहायला शिकवतं, कंपास-पट्टीनं आकृत्या काढायच्या त्या कर्तव्यभूमितीनं हाताला शिस्त लागते. यातलं काहीही काढून टाका असं मी म्हणत नाही.

पण तयारी करून घेताना एक गोष्ट सतत सलते. स्मरणचित्र खरं तर मुलाच्या आठवणीतून यायचं. प्रत्यक्षात भाजीबाजार, पावसातला बसस्टॉप, पतंग उडवणारी मुलं अशी तयार चित्रं बाजारातल्या पुस्तकांत मिळतात. पाठमोरी छत्रीवाली बाई, डावीकडे झाड, मागे दोन घरं एवढं पाठ झालं की विषय कुठलाही येवो, भागून जातं. संकल्पचित्राची, म्हणजे डिझाइनची तऱ्हा वेगळी नाही. रंग सपाट बसला पाहिजे, कुंचल्याचा फटकारा दिसता कामा नये, कडेबाहेर जाता कामा नये, थेंब सांडता कामा नये. थोडक्यात, रंगानं स्वतःहून काहीही करायचं नाही. नियम माध्यम अडवतात असा माझा आरोप नाही. पण शाळाशाळांतून तयारी होते ती बाटलीतल्या पोस्टर कलरचीच, आणि तोही एकाच पद्धतीनं लावायचा. त्या बाटलीत काय आहे, ते कागदावर का चिकटतं, पाणी वाढवलं तर काय होईल, हे विचारायला वर्षभरात एकही तास ठरलेला नसतो.

विचारलं तर काय होतं, त्याचं एक उदाहरण सांगते. आमच्या भागात हिरडा उदंड. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातली महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात आणि विकतात. माझ्या वर्गातली बरीच मुलं आई-आजीबरोबर हिरडा वेचायला जातात. त्यांच्या लेखी हिरडा म्हणजे यंदा किलोला काय भाव मिळाला, एवढंच. वर्गात आम्ही तो कुटला आणि रात्रभर पाण्यात भिजत घातला. दुसऱ्या बरणीत गुळाचं पाणी, त्यात गंजके खिळे, बैलाच्या झिजलेल्या पत्र्या, कडीचा तुटका तुकडा असं मुलांनी आणलेलं सगळं लोखंड टाकलं, तोंडाला फडकं बांधलं आणि दोन-तीन आठवडे कोपऱ्यात ठेवून दिलं. आंध्रातले कलमकारी करणारे कारागीर काळा रंग साधारण याच रीतीनं तयार करतात.

मुलांनी आधी कागदावर हिरड्याचं पाणी फिरवलं. कागद जरासा पिवळट झाला. वाळल्यावर तर त्याला काही लावलंय हेसुद्धा चटकन कळेना. मग एका मुलीनं बोरू लोखंडाच्या पाण्यात बुडवून रेघ ओढली. ओढली तेव्हा रेघ फिकट तपकिरी होती. बघता बघता ती काळी पडत गेली. पोरं बाक सोडून तिच्याभोवती गोळा झाली आणि एकदम प्रश्न सुरू झाले. आधी लोखंडाचं पाणी आणि मग हिरडा लावला तर? दोन्ही बरणीतच मिसळलं तर? पाणी वाढवलं तर? मी उत्तरं दिली नाहीत, कागद दिले. पाणी वाढवलं तर जांभळट राखाडी छटा येते. बरणीत मिसळलं तर काळा गाळ तळाला बसतो आणि रेघ भुरभुरीत उमटते. ओल्या कागदावर थेंब सोडला तर त्याला कड राहत नाही. यातलं प्रत्येक उत्तर कुणा ना कुणाच्या हातानं शोधलेलं होतं, आणि ज्यानं शोधलं त्याचं नाव वर्गात त्या युक्तीला चिकटलं.

त्यात एक मुलगा होता. माणूस काढायला सांगितलं की वहीवर हात आडवा धरून बसणारा. डबा खाऊन आला होता, बोटाला लिंबाचा रस होता. त्याचं बोट काळ्या रंगावर टेकलं आणि तेवढ्या जागेचा काळेपणा उडाला. तो थबकला, बोटाचा वास घेतला, आणि डब्यातली पिळलेली फोड परत आणली. काडीनं रस लावून त्यानं काळ्यावर एक पांढुरकी रेघ काढली, मग दुसरी. मग काडी टाकून दिली, कागद उभा धरला आणि रसाला वरून ओघळू दिलं. ओघळ एका जागी फुटला, त्याच्या दोन धारा झाल्या. ‘बाई, हा आमचा कडा झाला,’ म्हणाला. पावसाळ्यात आमच्याकडच्या काळ्या कातळावरून असेच ओहोळ उतरतात. पुढच्या कागदावर त्यानं वरचा काळा मुद्दाम दाट ठेवला, खाली पाण्यानं पातळ केला, आणि ओघळ कुठं फुटावा हे कागद कलता करून ठरवलं. पहिल्या कागदावर जे आपसूक झालं होतं, ते दुसऱ्या कागदावर त्यानं हवं म्हणून केलं. मला ज्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे ती या दोन कागदांच्या मध्ये घडली.

यामागचं विज्ञान सोपं आहे. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळं संयुग तयार होतं. लिंबातलं सायट्रिक आम्ल त्यातलं लोह ओढून घेतं आणि काळेपणा जातो. युरोपात शतकानुशतकं माजूफळाची शाई याच तत्त्वावर बनत असे. आमच्या विज्ञानाच्या सरांनी पुढच्याच तासाला हे फळ्यावर मांडलं, तेव्हा मुलांनी वही उघडण्याआधीच उत्तर सांगितलं. हळदीला चुना किंवा साबण लागला की ती लाल होते, घरातलं कुंकू याच रीतीनं व्हायचं, आणि त्या लालावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. मेणबत्तीनं कोऱ्या कागदावर रेघ मारून वरून पातळ जलरंग फिरवला की मेणाची जागा कोरी राहते. ओल्या रंगावर मिठाचे खडे टाकले की ते भोवतालचं पाणी ओढतात आणि वाळल्यावर चांदण्यांसारखे डाग उरतात. यातलं काही दुर्मीळ नाही, महागही नाही.

आता यात चित्रकला कुठं आली, असं विचारणारे भेटतात. एका पालकांनी वही उघडून मला तोंडावरच सांगितलं, ‘बाई, नुसते डाग आहेत हे.’ त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. नुसता शिडकावा म्हणजे सर्जन नव्हे. रंग उडवून मजा करणं एक-दोन तास पुरतं, तिसऱ्या तासाला मुलं कंटाळतात, आणि ते बरोबरच आहे. डाग पडल्यावर त्याच्याकडे पुन्हा पाहायचं, तो कशानं पडला हे लिहायचं, पुन्हा पाडून बघायचा, आणि यातलं मला काय हवं आहे ते निवडायचं, इथून पुढे कला सुरू होते. म्हणून मी ‘मुक्त रंगखेळाचा तास’ मागत नाही, वही मागते आहे. वहीत डाव्या पानावर काय केलं ते मुलाच्या शब्दांत : कोणता कागद, कशात काय मिसळलं, किती वेळ वाळू दिलं. उजव्या पानावर जे उमटलं ते. आणि मग त्याच गोष्टीचा जाणूनबुजून केलेला एक छोटा वापर.

‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य सातवी-आठवीपर्यंत बहुतेक मुलांच्या तोंडी बसलेलं असतं. त्याचा अर्थ असतो, मला हुबेहूब काढता येत नाही. त्या वयात मुलाला आपलं चित्र आणि समोरची वस्तू यांतला फरक दिसू लागतो, आणि तो फरक भरून काढायला हात अजून तयार नसतो. तिथं सांगायचं तरी काय? सराव कर, एवढंच आपण सांगतो. हातात साहित्य दिलं की ‘जमतंय का’ याच्या जागी ‘काय होतंय’ हा प्रश्न येतो, आणि त्याला कुणीच नापास होत नाही. त्या प्रश्नामागे गेलेलं मूल काही दिवसांनी आपल्या पायानं रेखाटनाकडे परत येतं. आपल्याला सापडलेल्या काळ्या रंगात कडा काढायचा तर कड्याकडे नीट पाहावं लागतं. कड्यावर ओहोळ काढणारा तो मुलगा आता माणसंही काढतो, ओघळांतून, पाठीवर ओझं घेऊन चढणारी.

हे मी कुठून तरी बाहेरून आणलेलं खूळ नाही. आपलं कार्यालय ज्या सर ज. जी. (जे. जे.) कलाशाळेच्या आवारात आहे, तिथूनच हे सगळं घडत आलं आहे. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९४८ साली तिथून पदविका घेऊन बाहेर पडले. पुढे त्यांनी कुंचला बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफ हातात घेतली. ओल्या रंगावर फाटक्या वर्तमानपत्राचे तुकडे दाबायचे आणि उचलायचे. उचलताना काही रंग कागदाबरोबर यायचा, काही कॅनव्हासवर राहायचा. त्यांच्या चित्रांतला तो आतून येणारा उजेड अशा थर लावण्या-काढण्यातून आला आहे. प्रभाकर बरवे हेही जे. जे.चेच. दारं-खिडक्यांना देतात तो एनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर आणला. तो आपोआप पसरून सपाट होतो, त्यात कुंचल्याची खूण उरत नाही, आणि बरवेंच्या अधांतरी तरंगणाऱ्या वस्तूंना नेमकी तीच शांत, गुळगुळीत जमीन लागत होती. गंमत पाहा, सपाट रंग आपण आठवीच्या मुलाकडूनही मागतो. फरक एवढाच की बरवेंनी तो का हवा हे शोधलं होतं.

कर्तव्यभूमितीला कंटाळणाऱ्या मुलांना मी चित्रकार नसरीन मोहमदी यांच्याबद्दल सांगते. बडोद्याच्या कलाशाळेत त्या १९७२ पासून शिकवत होत्या, १९९० मध्ये अलिबागजवळ किहीमला वारल्या. आर्किटेक्ट लोक नकाशे काढायला वापरतात ती उपकरणं, पट्ट्या, पेन्सिल आणि शाई, एवढ्यावर त्यांनी चित्रं उभी केली. रेघेची जाडी केसभर बदलायची, दोन रेघांतलं अंतर किंचित वाढवायचं, आणि कागदाला वेग यायचा. ज्या कंपासपेटीला मुलं गणिताची समजतात, ती हाताशी असलेली उत्तम कलासामग्री आहे, हे नसरीन यांच्या एका चित्राची छापील प्रत भिंतीवर लावली की सांगावं लागत नाही.

शांतिनिकेतनात शिल्पकार रामकिंकर बैज यांच्यापाशी ब्राँझ ओतायला पैसे नव्हते. १९३८ साली त्यांनी सिमेंट आणि तिथल्या जांभ्या दगडाची खडी मिसळून ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प उघड्यावर उभं केलं. त्याची खरबरीत त्वचा त्या माणसांना शोभते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शिक्षकांनी हे आपल्या मुलांना जरूर दाखवावं. जांभा तर त्यांच्या अंगणात आहे. तिथलेच बिनोदबिहारी मुखर्जी. १९५७ मध्ये त्यांची दृष्टी पूर्ण गेली, तरी चित्रकार थांबला नाही. ते कागदाचे आकार कापून चिकटवू लागले, मातीत काम करू लागले, आणि १९७२ मध्ये कलाभवन या तिथल्या कलाशाळेच्या भिंतीवर त्यांनी टाइल्सचं भित्तिचित्र केलं. डोळ्यांनी करायचं काम हातानं उचललं, कारण कागदाला कड असते आणि ती बोटाला कळते. दृष्टिहीन मुलांना चित्रकलेतून सूट देऊन आपण मोकळे होतो, तेव्हा मला बिनोदबिहारी आठवतात.

आणि वारली. मूळ चित्र लग्नातलं, चौकाचं, सवासिनींनी काढायचं. कुडाची भिंत शेणानं आणि गेरूनं सारवलेली, वर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि बांबूची काडी टोकाशी चावून केलेला कुंचला. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांवर कागद आणि रंग नेले आणि जिव्या सोमा मशे यांच्या हाती भिंतीऐवजी कागद आला. भिंतीवर मावत नव्हतं ते सारं, जाळी, मुंग्यांच्या रांगा, बारीक पानांची अख्खी रानं, कागदावर मावू लागलं. २०११ मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली. शाळांमधून आज वारली शिकवतात ती दोन त्रिकोण जोडून माणूस कसा काढायचा एवढीच, तीही तपकिरी कार्डशीटवर पांढऱ्या पोस्टर कलरनं. पीठ कालवून, काडी चावून एकदा रेघ ओढून पाहिली तर ती माणसं इतकी सडपातळ आणि नाचरी का आहेत ते कळतं. पिठाची रेघ लांब जात नाही, तुटते, पुन्हा उचलावी लागते.

अजिंठ्याच्या सहलीतही हेच होतं. मार्गदर्शक जातककथा सांगतो, मुलं ‘पद्मपाणी’पुढे उभी राहतात. ते चित्र कशावर आहे हे सहसा कुणी सांगत नाही. बेसॉल्टच्या खडबडीत भिंतीवर माती, भाताचं तूस, गवत असं कालवलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर काव, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि पार अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द दगडाचा निळा. मुलांनी शाळेत एका फरशीच्या तुकड्यावर असा गिलावा एकदा देऊन पाहिला, त्याला तडा का गेला आणि तूस वाढवल्यावर का गेला नाही हे अनुभवलं, की अजिंठ्यात ती भिंतीजवळ जाऊन पाहतात, लांबून फोटो काढून निघत नाहीत. आमच्या जुन्नरचंच घ्या. एके काळी इथं हाताने कागद बनायचा, जुन्नरी कागद मराठी दप्तरांत नावाजलेला होता. त्या गावच्या मुलांना कागद कशाचा होतो हे माहीत नसावं, याचं मला फार वाईट वाटतं. रद्दी भिजवून, कुटून, डासांच्या जाळीवर लगदा पसरून आम्ही कागद केला. जाड, ओबडधोबड, शाई शोषून घेणारा. त्यावर खळ फिरवली की शाई फुटायची थांबते, हे मुलांनी स्वतः काढलं.

सुरक्षिततेचा मुद्दा मीच मांडते, कारण तो खरा आहे. ‘नैसर्गिक’ म्हटलं की निर्धोक, असा एक समज पसरला आहे. शेंदूर हे शिशाचं संयुग आहे, हिंगुळात पारा असतो, हरताळात आर्सेनिक. जुन्या चित्रांत हे रंग असले तरी शाळेत त्यांना प्रवेश नको. चुना डोळ्यात गेला तर इजा होते. त्याची निवळी शिक्षकानंच करून द्यावी. रांगोळी किंवा रंगाची कोरडी पूड नाकात जाता कामा नये, भिजवूनच वापरावी. थिनर, स्प्रे रंग वर्गात नकोत. अशी एक साधी यादी आपल्या कार्यालयानं काढून शाळांना पाठवली, तर बऱ्याच शिक्षकांची भीती जाईल. आज पुष्कळ जण प्रयोग टाळतात ते ‘काही झालं तर’ या धास्तीपायी.

आता वहीला गुण कसे द्यायचे? आक्षेप मला माहीत आहेत. वह्या घरून होतील, एकमेकांच्या उतरवल्या जातील, जसं विज्ञानाच्या जर्नलचं पुष्कळदा होतं. शिवाय परीक्षक कशावर गुण देणार, डाग सुंदर आहे म्हणून? माझं उत्तर असं आहे. वही शाळेतच भरावी, प्रत्येक पानावर तारीख आणि शिक्षकाची सही असावी. आणि केंद्रावर मुलाला विचारावं : तुझ्या वहीतलं एक पान निवड आणि दहा मिनिटांत आमच्यापुढे पुन्हा करून दाखव. ज्यानं केलं आहे त्याला ते येईल, ज्याचं घरून करून आलं आहे त्याला येणार नाही. पुन्हा करताना वेगळं काही झालं, आणि मुलाला ते दिसलं, आणि का झालं याबद्दल त्याला काही सांगता आलं, तर पूर्ण गुण. सौंदर्याला गुण नकोतच, ते संकल्पचित्रात आहेत. निरीक्षणाला आणि निवडीला गुण द्या.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असं म्हटलं आहे. किती शाळांमध्ये ते आहेत, हे आपण सगळे रोज पाहतो. जिथं चित्रकलेचा शिक्षकच नाही तिथं गणिताचे किंवा मराठीचे शिक्षक हा तास घेतात. त्यांना मुक्तहस्त रेखाटन शिकवायला सांगितलं तर ते बिचकतात, ते स्वाभाविक आहे. पण प्रयोगवही घेणं त्यांना जमण्यासारखं आहे, कारण त्यात आधी स्वतःला चित्र यावं लागत नाही. मुलांबरोबर पाहावं लागतं, विचारावं लागतं, लिहून घ्यावं लागतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको असं म्हणतं. ती भिंत आमच्या शाळेत हिरड्याच्या एका बरणीनं पडली.

कला शिक्षक पदविकेबद्दलही एक विनंती आहे. उद्या जे शिक्षक होणार आहेत त्यांनी निदान एक सत्र स्वतःची प्रयोगवही भरावी, आपल्या जिल्ह्यातल्या मातीची, झाडापानांची, कागदाची. सावंतवाडीच्या विद्यार्थ्यानं लाखकाम आणि गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते, करणाऱ्यांकडे जाऊन बसावं, पिंगुळीला जाऊन चित्रकथीचे जुने कागद पाहावेत, पेणच्या विद्यार्थ्यानं शाडूची माती का तडकते ते मूर्तिकाराला विचारावं. शिक्षकाच्या हाताला रंग लागलेला नसेल तर तो मुलांच्या हाताला लागू देत नाही. हे मी माझ्या बरोबरीच्या लोकांना उद्देशून लिहिते आहे. आपल्यापैकी बरेच जण स्वतःचं काम करायचं केव्हाच थांबलो आहोत. शाळेचे फलक, स्नेहसंमेलनाचा पडदा, पाहुण्यांसाठी रांगोळी यात वर्ष जातं, आणि उरलेला तास गणितवाले मागून घेतात. एका तासाची वही आपल्यालाही परत कामाला लावेल.

सगळ्या राज्यात एकदम सुरू करा असं मी म्हणत नाही. एका तालुक्यात, एका वर्षी, फक्त एलिमेंटरीच्या मुलांपासून सुरुवात व्हावी. पहिल्या वर्षी गुण नसले तरी चालेल, वहीला परीक्षकाचा शेरा मिळाला तरी पुरे. तो तालुका जुन्नर असावा अशी माझी इच्छा आहे. आजूबाजूच्या शाळांतल्या शिक्षकांशी बोलायचं, साहित्याची यादी करायची, वर उल्लेख केलेली सुरक्षिततेची टिपणं लिहून द्यायची, ही कामं मी अंगावर घेते. आमच्या मुलांच्या भरलेल्या वह्या आपल्या कार्यालयात आणून दाखवायची तयारी आहे. सोबत दोन-तीन मुलंही आणेन. हिरड्याचं पाणी आणि लोखंडाची बरणी ती स्वतः घेऊन येतील, आणि आपल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून देण्याची परवानगी तेवढी असावी.

परीक्षेच्या अर्जांची गडबड सुरू होण्याआधी वेळ मिळाली तर बरं होईल. उत्तराची वाट पाहते.

कळावे,
आपली,
एक चित्रकला शिक्षिका
जुन्नर तालुका, जि. पुणे